कराओकेचे गाणे आपल्या आवाजाला पेलेल का, हे आधी कसे ओळखावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळ गाण्याबरोबर गुणगुणताना सगळे सहज जमते, पण तेच गाणे कराओके ट्रॅकवर माइक हातात घेऊन गायला लागले की अंतऱ्यात आवाज फाटतो किंवा ताणला जातो. तेव्हा गाणे आपल्या आवाक्यातले आहे की नाही हे आधीच कसे ठरवावे, आणि नसेल तर ते सोडून द्यावे की पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ ज्या सुरावर धरला आहे तो, बदलून गावे?

गाणे शिकवताना आणि गायकांना साथ करताना हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो, आणि बहुतेक जण तो एकाच स्वरापुरता विचारतात: ‘गाण्यातला सर्वांत उंच सूर मला लागतो का?’ ही कसोटी अपुरी आहे. एखादा सूर एकदा लागणे आणि त्या सुराच्या आसपास तीन-चार मिनिटे शब्दांसकट वावरणे, यांत मोठे अंतर आहे. गाणे आपले आहे की नाही हे त्याच्या शिखरापेक्षा त्याचा मुक्काम कुठे आहे यावरून जास्त कळते. शिवाय ज्यांना एखादे गाणे झेपत नाही असे वाटते, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते दोन-तीन अर्धस्वर (हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) खाली आणल्यावर व्यवस्थित झेपते, म्हणून गाणे सोडण्याचा निर्णय अगदी शेवटी घ्यावा.

कराओके यंत्र येण्यापूर्वी ही काळजी गायकाला फारशी करावी लागत नसे, कारण साथीदार आधी ‘पट्टी कोणती?’ असे विचारी आणि त्याप्रमाणे वाजवी. जपानमधील कोबे शहरात १९७१ मध्ये ज्यांनी सुरुवातीच्या कराओके यंत्रांपैकी एक तयार केले, ते दाइसुके इनोउए स्वतः असेच हौशी गायकांना साथ करणारे वादक होते. यंत्राने वादकाची जागा घेतली, पण ट्रॅक ज्या पट्टीत ध्वनिमुद्रित झाला आहे त्याच पट्टीत तो वाजतो, आणि ती पट्टी बहुधा मूळ गायकाच्या आवाजासाठी निवडलेली असते. म्हणून पट्टी विचारण्याचे काम आता गाणाऱ्याने स्वतःच करायचे आहे.

त्यासाठी आधी स्वतःच्या आवाजाचा पल्ला माहीत असावा. हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर उत्तम. नसेल तर फोनवरील ट्यूनर ॲप पुरते, कारण त्यात स्वराचे नाव आणि हर्ट्झमधील कंपनसंख्या दोन्ही दिसतात. मोजणी सकाळी उठल्या उठल्या करू नये. झोपेनंतर आवाज जड असतो, खालचे सूर नेहमीपेक्षा जास्त मिळतात आणि वरचे कमी, त्यामुळे हिशेब फसतो. दहा-पंधरा मिनिटे हलका रियाझ करून, मध्यम आवाजात एखादा साधा शब्द म्हणत अर्धस्वराने एक-एक पायरी खाली जावे, आणि जिथपर्यंत तो शब्द चार मात्रा स्थिर धरता येतो व समोरच्याला नीट ऐकू येतो, तो सूर लिहून ठेवावा. वरच्या बाजूलाही असेच करावे. नुसत्या ‘आ’कारावर मोजले तर पल्ला मोठा दिसतो, आणि कृत्रिम बारीक आवाजात काढलेले सूर धरले तर आणखी मोठा दिसतो, पण गाण्यात त्यांचा उपयोग होतोच असे नाही. मी स्वतः तीन मर्यादा वेगळ्या लिहायला सांगतो: कसाबसा लागणारा सूर, शब्दासह धरता येणारा सूर आणि ज्यावर पुष्कळ वेळ थांबूनही घशाला काही वाटत नाही असा सूर. गाणे निवडताना पहिली मर्यादा विसरून जावी, दुसरी कुंपण म्हणून वापरावी आणि गाण्याचा बराचसा भाग तिसऱ्या मर्यादेच्या आत येतो का ते पाहावे.

उदाहरणासाठी, तालीम न घेतलेला एखादा पुरुष आवाज शब्दांसह सुमारे ११० हर्ट्झपासून, म्हणजे खालच्या पांढरी सहापासून, ३३० हर्ट्झपर्यंत, म्हणजे पांढरी तीनपर्यंत जातो असे धरू. (पांढरी एक, काळी तीन ही हार्मोनियमच्या एका सप्तकातल्या पट्ट्यांची डावीकडून मोजलेली नावे आहेत; पांढरी एक म्हणजे ‘सी’.) हा एकोणीस अर्धस्वरांचा, दीड सप्तकाहून थोडा अधिक पल्ला झाला. तसाच एखादा स्त्री आवाज १९६ हर्ट्झच्या पांढरी पाचपासून ५२३ हर्ट्झच्या पांढरी एकपर्यंत, म्हणजे सतरा अर्धस्वर, जातो असे धरू. पुढचे हिशेब याच दोन आवाजांवर मांडतो. आपले आकडे वेगळे असतील, रीत तीच राहील. एक सप्तक वर गेल्यावर कंपनसंख्या दुप्पट होते आणि सप्तकात बारा अर्धस्वर असतात, इतके लक्षात ठेवले की बाकी सगळी बेरीज-वजाबाकी आहे.

आता गाण्याचा पल्ला. मूळ गाणे लावून ज्या ओळीत सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा सूर येतो असे वाटते तिथे थांबावे, तो सूर स्वतः गुणगुणून ॲपवर पाहावा. फोन थेट स्पीकरसमोर धरला तर ॲप गायकाऐवजी व्हायोलिनचा किंवा बेस गिटारचा सूर दाखवते. गुणगुणताना आणखी एक गोष्ट नकळत घडते: पुरुष एखाद्या गायिकेचे गाणे गुणगुणतो तेव्हा तो बहुधा एक सप्तक खाली उतरलेला असतो, आणि घरी ‘सहज जमते’ असे वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे. गाणे खरोखर कोणत्या सप्तकात आहे आणि आपण कोणत्या सप्तकात म्हणतो आहोत, या दोन्ही नोंदी वेगळ्या कराव्यात. जुन्या ध्वनिमुद्रणांत सूर कधी कधी दोन पट्ट्यांच्या मध्येच सापडतो, कारण तबकडीचा किंवा फितीचा वेग किंचित इकडेतिकडे झालेला असतो. त्याची चिंता करू नये, पण ज्या ट्रॅकवर गायचे आहे त्याची पट्टी मूळ गाण्याचीच आहे असे गृहीतही धरू नये. एकाच गाण्याचे निरनिराळे ट्रॅक निरनिराळ्या पट्ट्यांत मिळतात, म्हणून अंतिम मोजणी ट्रॅकवरच करावी.

समजा गाण्यातला सर्वांत खालचा सूर १४७ हर्ट्झ, म्हणजे पांढरी दोन, आणि सर्वांत उंच सूर ३७० हर्ट्झ, म्हणजे काळी तीन आहे. हे सोळा अर्धस्वर झाले. उदाहरणातल्या पुरुष आवाजाची वरची मर्यादा पांढरी तीन असल्याने मूळ पट्टीत वरचे दोन अर्धस्वर बाहेर राहतात. ट्रॅक तीन अर्धस्वर खाली घेतला तर गाणे खालच्या पांढरी सातपासून काळी दोनपर्यंत येते. खाली दोन अर्धस्वर मोकळे राहतात आणि वर एक. चार खाली घेतला तर खाली एक आणि वर दोन राहतात. मी दुसरा पर्याय निवडेन, कारण कुंपणाच्या अगदी कडेवर शब्द नीट उमटत नाहीत आणि वरच्या बाजूला दोन अर्धस्वरांची मोकळीक मी शक्यतो सोडत नाही. आता याच आवाजासाठी दुसरे गाणे घ्या: १३१ हर्ट्झच्या पांढरी एकपासून ३९२ हर्ट्झच्या पांढरी पाचपर्यंत, म्हणजे एकोणीस अर्धस्वर. तीन अर्धस्वर खाली घेतले की तेही कागदावर तंतोतंत बसते, पण दोन्ही टोकांना एका अर्धस्वराचीही सवड राहत नाही. असे गाणे मी चारचौघांत गाण्यासाठी सुचवणार नाही.

इथे खालच्या टोकाविषयी सांगायला हवे, कारण त्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. वरचा सूर चुकला तर सर्वांना ऐकू येतो, खालचा सूर मात्र वाद्यांत बुडून जातो, आणि गाणाऱ्याला वाटते की माइकमध्ये बिघाड आहे. आवाजाची खालची मर्यादा मुख्यतः स्वरतंतूंच्या लांबीवर आणि जाडीवर ठरते, म्हणून रियाझाने ती वरच्या मर्यादेइतकी वाढत नाही. जोर लावून खालचा सूर मोठा करता येत नाही, उलट घशात खरखर वाढते. अशा ओळीला माइक ओठांच्या अगदी जवळ आणला तर थोडी मदत होते, कारण कराओकेत वापरले जाणारे बहुतेक माइक जवळून गायल्यास खालच्या कंपनांना जास्त उठाव देतात. पण ही मदत एखाद्या ओळीपुरती समजावी. वरच्या सुराच्या धास्तीने ट्रॅक फार खाली ओढला की मुखड्याची पहिलीच ओळ ऐकू येईनाशी होते, आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष तिथेच सुटते.

पल्ला बसला तरी मुक्काम तपासायचा राहतोच. गाण्याचे शब्द कागदावर लिहून घ्यावेत आणि ज्या ज्या अक्षरावर आपल्या शब्दांसह धरता येणाऱ्या मर्यादेतले वरचे तीन अर्धस्वर येतात ती अक्षरे खुणेने वेगळी करावीत. संपूर्ण गाण्यात अशा चार-पाच खुणा आल्या आणि प्रत्येक सूर स्पर्श करून सोडायचा असेल, तर काळजीचे कारण नाही. पण अंतऱ्याच्या प्रत्येक ओळीचा शेवट तिथेच होत असेल आणि तो सूर तीन-चार मात्रा धरायचा असेल, तर पल्ल्याचा हिशेब बरोबर येऊनही ते गाणे दमवणार. तार सप्तकात एकदाच झेप घेऊन परत येणाऱ्या गाण्यापेक्षा, वर न जाता मध्य सप्तकाच्या वरच्या भागातच घोटाळत राहणारे गाणे पुष्कळदा जास्त अवघड जाते. भरदार आवाजातून हलक्या आवाजात जाण्याचा सांधा बऱ्याच आवाजांत, पुरुषांच्या आणि स्त्रियांच्याही, साधारण ३०० ते ४४० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी येतो. त्या सांध्यावरच गाणे रेंगाळत असेल तर प्रत्येक शब्दाला आवाज कोणत्या बाजूने काढायचा हा प्रश्न पडतो, आणि ‘आवाज फाटतो’ असे जे आपण म्हणता ते बहुधा इथेच घडत असते. अशा वेळी ट्रॅक एक-दोन अर्धस्वर खाली घेतल्याने जेवढा फरक पडतो तेवढा महिनाभर ओरडून रियाझ केल्याने पडत नाही.

उंच सुरावर कोणता स्वर आणि कोणते व्यंजन येते हेही पाहावे. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचा मुख्य खालचा अनुनाद, म्हणजे तोंड-घशाच्या पोकळीत घुमणारी सर्वांत खालची कंपनसंख्या, ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, तर ‘आ’चा त्याच्या दुपटीहून अधिक असतो. गायचा सूर त्या अनुनादाच्या वर गेला की ‘ई’ स्वच्छ ठेवण्याच्या प्रयत्नात घसा आवळला जातो. अनुभवी गायिका अशा ठिकाणी ‘ई’ किंचित ‘ए’कडे झुकवतात, तोंड थोडे अधिक उघडतात, आणि ऐकणाऱ्याला शब्द तोच वाटतो. उलट ‘आ’वर तोंड पूर्ण उघडता येत असल्याने सूर सहज निघतो, पण त्याच मोकळेपणामुळे तो किंचाळीकडे जाण्याचा धोका असतो. दोन गाण्यांचा सर्वांत उंच सूर अगदी एकच असूनही एक गाणे जमते आणि दुसरे जमत नाही, याचे उत्तर कित्येकदा एवढ्या एका अक्षरात असते.

सूर कसा गाठायचा आहे, हा तितकाच महत्त्वाचा भाग. पायरी-पायरीने चढत गेलेला उंच सूर घसा तयार ठेवून येतो. खालून एकदम उडी मारून घ्यायचा तोच सूर अर्धा स्वर उतरलेला लागतो. वाढदिवसाचे सर्वांना पाठ असलेले इंग्रजी गाणे याचा चांगला नमुना आहे. त्याचा एकूण पल्ला एका सप्तकाचाच आहे, पण तिसऱ्या ओळीत थेट एका सप्तकाची उडी आहे, आणि कोणीतरी पहिली ओळ उत्साहात उंच सुरू केली की त्या उडीपाशी सगळी मंडळी एकदम विस्कळीत होतात. श्वासाचेही तसेच. उंच ओळीच्या आधी श्वासाला जागा आहे का, की दोन ओळी सलग म्हणायच्या आहेत, हे ट्रॅकवर गाऊनच कळते.

गाणे अखेरपर्यंत ऐकल्याशिवाय मोजणी पूर्ण झाली असे मानू नये. पुष्कळ पाश्चात्त्य आणि काही आपल्याकडच्याही गाण्यांत शेवटचे धृपद एक किंवा दोन अर्धस्वर वर चढवलेले असते. पहिल्या धृपदावर हिशेब केलेला असेल तर वरची मोकळीक नेमकी तिथेच संपते, आणि तोवर आवाजही थकलेला असतो.

एवढे कागदावर झाल्यावर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, आणि ती गुणगुणून घेऊ नये. उभे राहून, मूळ गायकाचा आवाज नसलेल्या ट्रॅकवर, शब्दांसह, प्रत्यक्ष गाताना लावणार तेवढ्याच आवाजात सलग तीनदा गावे आणि ध्वनिमुद्रण करावे. पहिली खेप बहुतेकांची बरी जाते. निर्णय तिसऱ्या खेपेवरून करावा. हनुवटी वर उचलली जाणे, मानेच्या शिरा ताणणे, उंच ओळीत आवाज अचानक मोठा होणे, लांब धरलेला सूर शेवटी खाली घसरणे आणि गाऊन झाल्यावर खाकरावेसे वाटणे या सगळ्या पट्टी उंच असल्याच्या खुणा आहेत.

मात्र प्रत्येक चूक पट्टीमुळे होत नाही, आणि हा फरक ओळखता आला तर पुष्कळ निरर्थक खटाटोप वाचतो. ट्रॅक तीन अर्धस्वर खाली घेऊन तीच ओळ पुन्हा म्हणावी. चूक नाहीशी झाली तर प्रश्न पल्ल्याचा होता. खाली घेऊनही त्याच जागी तोच सूर हुकत असेल, तर चाल पक्की झालेली नाही किंवा श्वास पुरत नाही, आणि त्यावर पट्टी हा उपाय नव्हे. आणि खाली घेतल्यावर गाणे पूर्णपणे सुरात येते पण निस्तेज वाटते, असे झाले तर एक अर्धस्वर परत वर जावे. थोडा ताण काही गाण्यांना लागतोच, तो चालीचा भाग असतो.

पट्टी बदलण्याच्या तांत्रिक बाजूविषयी फार सांगण्यासारखे नाही. बहुतेक यंत्रांत आणि ॲपमध्ये एका टप्प्याला एक अर्धस्वर असतो. बटण दाबल्यावर गाण्याचा वेग बदलला तर ते बटण वेगळे आहे असे समजावे. दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत ट्रॅकचा नाद सहसा बिघडत नाही, पाच-सहापर्यंत गेल्यावर तालवाद्ये आणि कोरसचे आवाज विचित्र होऊ लागतात.

विरुद्ध आवाजाचे गाणे गाताना हिशेब थोडा वेगळा होतो. एखाद्या गायिकेचे गाणे २२० हर्ट्झपासून ५८७ हर्ट्झपर्यंत जात असेल, तर आधीच्या उदाहरणातला पुरुष आवाज ते एक सप्तक खाली गाईल, म्हणजे ११० ते २९४. वर दोन अर्धस्वर मोकळे आहेत, पण खालचा सूर कुंपणावर आहे, म्हणून ट्रॅक एक अर्धस्वर वर चढवावा. पट्टी खाली घ्यायची अशीच सवय असल्याने हे अनेकांना सुचतच नाही. पुरुष गायकाचे १४७ ते ३७० हर्ट्झचे गाणे स्त्री आवाजाला त्याच सप्तकात फार खाली जाते आणि एक सप्तक वर फार उंच. ते पाच अर्धस्वर वर घेतले तर १९६ ते ४९४ हर्ट्झमध्ये येते आणि जेमतेम सामावते. सात अर्धस्वर खाली घेऊन एक सप्तक वर गायले तरी सूर तेच येतात, कारण पाच वर आणि सात खाली यांची पट्टी एकच; ट्रॅक कमी बिघडावा म्हणून पाच वर घ्यावे. युगुलगीतांत पट्टी आधीच दोघांची तडजोड म्हणून ठरलेली असते, त्यामुळे एकाच्या सोयीसाठी ती हलवली की दुसऱ्याची अडचण वाढते. तिथे आधी दोघांच्या मर्यादा एका कागदावर लिहाव्यात आणि ज्याच्या ओळी जास्त आहेत त्याला झुकते माप द्यावे.

प्रत्यक्ष कार्यक्रमाची परिस्थितीही हिशेबात धरावी. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने आणि थोडे वरच्या सुरात बोलू लागतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. गाण्याआधी तासभर अशा गप्पा झाल्या की वरचे सूर आधीच खर्ची पडलेले असतात. म्हणून घरी जिथे कुंपण सापडले, त्याच्या एक अर्धस्वर अलीकडे कार्यक्रमाचे कुंपण मानावे, आणि सर्वांत उंच गाणे पहिलेही ठेवू नये व शेवटचेही नाही. पौगंडावस्थेत मुलग्यांचा आवाज काही महिन्यांत सुमारे सप्तकभर उतरतो, त्यामुळे त्या वयात ही मोजणी वरचेवर करावी लागते. गाऊन बसलेला आवाज एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

एवढे करूनही ज्या गाण्याचा पल्ला आपल्यापेक्षा मोठा निघतो, त्याला कोणतीही पट्टी पुरत नाही. तेव्हा एखादी खालची ओळ एक सप्तक वर घेता येते का, शिखराचा सूर गाळून त्याच्या खालच्या सुसंवादी सुरावर थांबता येते का, किंवा ती एक ओळ सोबतच्या दुसऱ्या आवाजाला देता येते का, हे पाहावे. मूळ चालीत असा बदल ज्यांना पटत नाही त्यांनी ते गाणे गाऊ नये; मला स्वतःला एखाद्या ओळीपुरता बदल खटकत नाही, पण गाण्याची ओळख ज्या सुरात आहे तोच सूर बदलावा लागत असेल, तर मीही दुसरे गाणे निवडतो. आणि ठरलेली पट्टी लिहून ठेवताना ‘तीन खाली’ एवढेच न लिहिता त्या ट्रॅकचा षड्ज, म्हणजे ‘सा’, कोणता होता आणि बदलल्यावर कोणता झाला हे लिहावे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी वेगळा ट्रॅक मिळाला तरी किती अर्धस्वर हलवायचे ते लगेच काढता येते.